शिंप्याची दवंडी

दिंद्रुडच्या गहिनीनाथ शिंप्याच्या उजव्या अंगठ्याला एका पावसाळ्यात नखुरडं झालं. नखुरडं म्हणजे नखाच्या मुळाशी होणारं गळू. बहुतेकांचं ते पिकतं, फुटतं आणि विसरलं जातं. गहिनीनाथचं मात्र आत हाडापर्यंत गेलं. वैद्यानं लेप दिले, कुणी बोट कोमट तेलात बुडवून ठेवायला सांगितलं. दिवाळीपर्यंत ठणका थांबला, पण अंगठा काडीसारखा ताठ राहिला. त्यात सुई धरता येईना.

त्यानं डाव्या हातानं शिवून पाहिलं. टाके तिरपे पडले. गावानं त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. माणसं ओट्यावर येत, हाताची विचारपूस करत, तंबाखू मळत आणि कापड माजलगावच्या शिंप्याकडे नेत. त्याच्या वडिलांपासून ज्या घरांची शिलाई त्यांच्याकडे होती, तीही घरं हळूहळू तिकडे गेली.

ती मोठ्या लढाईची वर्षं होती. लढाई कुठं चालली आहे हे दिंद्रुडात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. निजाम सरकारची फौज इंग्रजांच्या मदतीला समुद्रापलीकडे गेली आहे आणि तेव्हापासून कापड महागलं आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

गहिनीनाथनं परभणीला एका शिंप्याकडे हातानं फिरवायचं शिवणाचं मशीन पाहिलं होतं. डावा हात कापड पुढं सरकवत होता आणि उजव्या हाताचा तळवा मूठ फिरवत होता. तिथं जमलेल्या सगळ्यांनी मशीन पाहिलं. गहिनीनाथनं त्या माणसाचा अंगठा पाहिला. अंगठ्याला काही कामच नव्हतं. घरी येऊन त्यानं बायकोला, वत्सलाबाईंना, हे सांगितलं. त्यांनी हातातले गोठ काढून दिले, दुभती गाय विकली, आणि माघात ते मशीन कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं गोदावरी ओलांडून दिंद्रुडला आलं.

सगळं गाव बघायला आलं. गहिनीनाथनं चिंध्या जोडून दाखवल्या. लोकांनी माना डोलावल्या, पोरांनी मुठीला हात लावून पाहिला, आणि सगळे घरी गेले. महिना झाला तरी कापड घेऊन कुणी आलं नाही. काय खटकतं हे कुणी सांगितलं नाही, आणि गहिनीनाथचा स्वभाव विचारण्याचा नव्हता. अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघायची, असं नवरा-बायकोचं ठरलं. तोवर लगीनसराईची शिलाई आली तर ठीक, नाही तर मशीन विकून परभणीच्या कापसाच्या जिनात मजुरीला जायचं. तिथल्या मुकादमाशी तो बोलूनही आला होता. जिनात सरकी वेगळी करण्याच्या कामाला अंगठा लागतो की नाही, हे त्यानं मुकादमाला विचारलं नव्हतं.

अशा वेळी वत्सलाबाईंचा भाऊ बंकट हैद्राबादेहून आला. तो तिथं एका अत्तराच्या दुकानात कामाला होता. ओट्यावर रिकामं बसलेलं मशीन आणि त्यापाशी रिकामा बसलेला मेहुणा पाहून त्याला राहवलं नाही.

"दाजी, तुमी असं देवासारखं गप बसल्यावर कोण येनार? देवाला तरी घंटा असती."

हैद्राबादेला काय चालतं ते त्यानं सविस्तर सांगितलं. तिथं दंतमंजन विकणारासुद्धा ढोल वाजवतो. मालात जे बरं आहे ते दुप्पट करून सांगायचं, कमी आहे ते सांगायचंच नाही. पहिल्या दिवशी काहीतरी फुकट द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जो आज येणार नाही त्याचं नुकसान होईल, असं ठासून सांगायचं. माणूस फायद्यासाठी सावकाश उठतो, नुकसान टाळायला पळत सुटतो, असं त्याच्या अत्तरवाल्या मालकाचं मत होतं.

दिंद्रुडात ढोल वाजवणारा दंतमंजनवाला नव्हता. पण हलगी होती, आणि ती सटवाकडे होती.

इथं दवंडीविषयी थोडं सांगायला हवं. त्या काळी गावात वर्तमानपत्र येत नसे, आणि आलं असतं तरी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके होते. सरकारला काही कळवायचं असलं की तहसिलीतून पाटलाला हुकूम येई आणि पाटील सटवाला सांगे. सटवा चौकाचौकात हलगी वाजवून तो पुकारी. शेतसारा भरा, वेठीला गाड्या द्या, घोडेस्वार येणार आहेत तर वैरण काढून ठेवा, देवी टोचणारे येणार आहेत तर पोरं घरी ठेवा. हलगी वाजली की काहीतरी द्यायचं असतं, हे गावाला लहानपणापासून ठाऊक होतं. हलगी वाजून काही मिळालं, असं कधी झालं नव्हतं.

हे बंकटला सुचलं नाही, कारण तो लहानपणीच गाव सोडून गेला होता. गहिनीनाथला ते सुचायला हवं होतं. पण दवंडी घराघरांत ऐकू जाते एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

खाजगी दवंडीला पाटलाची परवानगी लागे. आप्पाराव पाटील हे गावचे कोतवाली पाटील, म्हणजे बंदोबस्त त्यांच्याकडे. गहिनीनाथ गेला तेव्हा ते दाढी करून घेत होते. मान न हलवता त्यांनी सांगितलं की द्या दवंडी, फक्त माझं नाव त्यात घेऊ नका.

बंकटनं सटवाला ओट्यावर बसवून मजकूर पाठ करून घेतला. मजकूर लांबलचक होता. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अंगरखा तयार होतो, विलायतेचा बादशहासुद्धा असल्याच मशीनवरचे कपडे घालतो, असं त्यात बरंच होतं. सटवानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं त्याच्या तोंडात बसेल तेवढं ठेवलं. दवंडीला लांब वाक्य चालत नाही. हलगीच्या दोन थापांमध्ये मावेल तेवढंच बोलायचं असतं. मग त्यानं एकदा म्हणून दाखवलं.

"ऐका हो ऐका, हुकूम सरकारचा! बाजाराच्या दिशी, घरटी एकानं, आपलं कापड घिऊन, गहिनीनाथ शिंप्याच्या ओट्यावर यावं! त्या दिशी मजुरी न्हाई! जो येनार न्हाई, त्याचं नुस्कान हुईल!"

गहिनीनाथ म्हणाला, "सटवा, यात सरकार कावून आलं?"

"त्ये पैलं म्हनल्याबिगर माझं तोंडच उघडत न्हाई बगा. बापानं तसंच शिकवलं."

"ऱ्हाऊ द्या की दाजी," बंकट म्हणाला. "वजन येतंय."

गहिनीनाथनं होकार दिला. त्याला ते बरोबर वाटलं नव्हतं. पण अखिती जवळ येत होती, आणि बंकटनं हैद्राबाद पाहिलेलं होतं.

दुपार कलताना दवंडी झाली. सटवाचा आवाज चांगला होता आणि त्यानं कसूर केली नाही. शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरही तो जाऊन आला.

गावानं दवंडी ऐकली आणि तिचा सरळ अर्थ लावला. फौजेला कापड कमी पडलं आहे. सरकारनं गहिनीनाथकडे मशीन पाठवलं आहे; नाही तर अंगठा गेलेल्या शिंप्याला असलं यंत्र कुठून मिळणार? बाजाराच्या दिवशी घरोघरचं कापड जमा करून त्याचे शिपायांचे डगले शिवणार. मजुरी नाही, म्हणजे कापडाचे पैसेही मिळणार नाहीत. आणि नुकसान होईल म्हणजे काय होईल, हे तर उघडच होतं. महिनाभर मशीन चिंध्यांवर का चाललं होतं, याचाही लोकांना आता उलगडा झाला. सराव चालला होता.

दिवस मावळायच्या आत गावातलं चांगलं कापड दिसेनासं झालं. कुणी लुगडी बळदात ज्वारीखाली घातली. कुणी धोतरजोड्या पोत्यात भरून विहिरीच्या कपारीत ठेवल्या. छबुबाई नावाच्या एका शेतकरणीनं धाकट्या लेकीच्या लग्नासाठी जमवलेले खण कडब्याच्या गंजीत खोल खुपसले. खण म्हणजे चोळीचं कापड. ते तिनं दोन वर्षं एकेक करून घेतले होते.

बाजाराच्या दिवशी दिंद्रुडात असं दृश्य दिसलं की बाहेरून आलेल्या माणसाला दुष्काळ पडला आहे असं वाटावं. घरटी एक माणूस आला, कारण हुकूम होता. पण प्रत्येकाच्या अंगावर घरातलं सगळ्यात जुनं, फाटकं धडुतं होतं. खाऊनपिऊन सुखी असलेले लोक गुडघ्यावर फाटलेली धोतरं नेसून ओट्यासमोर उभे राहिले आणि आमच्याकडे एवढंच आहे, असं गहिनीनाथला हात जोडून सांगू लागले. तो त्यांना समजावून सांगे, ते मान हलवत, आणि जाताना पुन्हा हात जोडत. काल-परवापर्यंत त्याला अरे-तुरे करणारी माणसं त्याला अहो-जाहो करत होती.

आसपासच्या गावांहून तर कुणी आलंच नाही. राधाकिशन कापडवाल्यानं नेहमीप्रमाणे चादर अंथरून खण मांडले, तेव्हा एक म्हातारा त्याच्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "शेटजी, झाका ते." राधाकिशननं कारण ऐकलं, गठ्ठा बांधला आणि वर तुरीची दोन पोती ठेवून दिवसभर त्यावर बसून राहिला.

संध्याकाळी आप्पाराव पाटलांनी गहिनीनाथला बोलावून घेतलं. बाजार मोडल्याचं त्यांना वाईट वाटत होतंच, पण सरकारचा हुकूम म्हणून कुणी काही पुकारल्याचं तहसिलीत कळलं तर काय, ही काळजी जास्त होती. गहिनीनाथनं जसं घडलं तसं सांगितलं. पाटील त्याला फार बोलले नाहीत. त्यांनी सटवाला बोलावून उद्या सकाळी दुसरी दवंडी द्यायला सांगितली.

सकाळी सटवानं हलगी वाजवली. "ऐका हो ऐका, हुकूम सरकारचा! सरकारला कुनाचं कापड नको! कुनी भिऊ नये!"

हे ऐकून उरल्यासुरल्या लोकांनीही कापड लपवलं. प्लेगाच्या साली अशीच दवंडी झाली होती, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी आठवण करून दिली. 'कुणी भिऊ नये' असं पुकारलं, आणि दुसऱ्या दिवशी घरं सोडून रानात राहायला जावं लागलं. ज्यांचं कापड बळदात होतं त्यांनी ते तिथून काढून जमिनीत पुरलं.

बंकटला यातलं काही पटत नव्हतं. मजकूर उत्तम होता, लोक अडाणी आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. आता दुसरा मजकूर करू, असं तो बोलू लागला तेव्हा गहिनीनाथनं वत्सलाबाईंना त्याला जेवायला वाढायला सांगितलं आणि जेवण झाल्यावर त्याला परभणीच्या रस्त्याला लागेपर्यंत सोबत केली. तो बंकटवर रागावला नव्हता. मजकूर बंकटचा असला तरी होकार आपला होता, हे तो विसरला नव्हता. परत आल्यावर त्यानं उत्तरेश्वर गाडीवानाला अखितीनंतरचा दिवस सांगून ठेवला आणि वत्सलाबाईंनी गाठोडी बांधायला घेतली.

अखितीला थोडे दिवस राहिले असताना छबुबाई ओट्यावर आली. गावातून कापड घेऊन आलेली ती पहिलीच बाई. पण ती शिवायला आली नव्हती. तिनं काखेतलं बोचकं गहिनीनाथसमोर आपटलं आणि सोडलं. लेकीच्या लग्नाचे खण होते. कडब्याच्या गंजीत उंदरांनी ते जागोजाग कुरतडले होते.

"घे," ती म्हणाली. "दे तुझ्या सरकारला. म्हनावं, उंदरांचं पोट भरून उरलंय, आता तुमी घ्या."

"काकू, सरकार न्हाई हो ह्यात कुठं."

"मंग हे लोखंड कुनाचं हाय?"

"माझं. हिचे गोठ अन् आमची गाय, ते हे लोखंड."

छबुबाईनं वत्सलाबाईंच्या हातांकडे पाहिलं. मनगटं मोकळी होती, फक्त काचेच्या बांगड्या होत्या. ती पायरीवर बसली. पण बोचक्यावरचा हात तिनं काढला नाही.

गहिनीनाथनं एकेक खण उलगडून उजेडात धरला. भोकं काठाकडे जास्त होती, मधलं कापड बरंचसं शाबूत होतं. चोळीचे तुकडे भोकं चुकवून बेतता येतील, पाठ दोन तुकड्यांची करावी लागेल, आणि एका खणाची चोळी लहान होईल, ती नातीला घालावी, असं त्यानं सांगितलं. कोळशानं त्यानं खुणा केल्या. कातर वत्सलाबाईंनी चालवली, कारण कातरीलाही अंगठा लागतो.

"हितंच शिव. मी बसते," छबुबाई म्हणाली. "कापड ठिवून जायची न्हाई मी."

मशीन चालू झालं. ती वाकून बघत राहिली. मग तिनं जे विचारलं, ते मशीन आल्यापासून साऱ्या गावाच्या मनात होतं.

"वरचा दोरा दिसतोय. खालचा कुठून येतो रे?"

गहिनीनाथनं मशीन थांबवलं आणि सुईखालची पत्र्याची झडप सरकवली. आत बोटाएवढा लोखंडी धोटा होता. विणकराच्या मागावर असतो तसाच, फक्त लहान. छबुबाईच्या माहेरी शेजारी मागच होता. तिनं धोटा हातात घेतला, त्यातला दोरा ओढून पाहिला आणि परत दिला. मग शिवलेला जोड तिनं दोन्ही हातांनी ताणला, पुढं दातात धरून ओढला. शिवण उसवली नाही.

"ह्याला काय येत न्हाई?" तिनं विचारलं.

बंकटनं नेमकं हेच सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"वाकळ शिवता येत न्हाई, सुई मोडती. जाड्या कापडाला दोरा तुटतो. काठाची तुरपाई हातानंच करावी लागती, अन् मला ती जमत न्हाई. ही करते. अंगठा असता तर मी हे आनलंच नसतं, काकू. हातची शिलाई देखणी असती. हे फक्त पक्कं हाय."

"मंग हे आदी कावून न्हाई सांगितलं? ढोल बडवून नुस्कान हुईल म्हनं. नुस्कान तर झालंच माझं."

संध्याकाळी ती चोळ्या घेऊन गेली. जाताना तिनं बरं म्हटलं नाही. मजुरी मात्र पायरीवर ठेवली. गहिनीनाथ नको म्हणत असताना ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. छबुबाईनं तिथं मशीनची तक्रार केली. ते वाकळ शिवत नाही, तुरपाई बायको करते, जाड्याभरड्याला दोरा तोडतं, आणि शिंप्यानं ते अंगठा गेला म्हणून आणलं आहे. सरकारबिरकार काही नाही, बायकोच्या गोठांचं आहे. बोलता बोलता ती नातीची ती लहान चोळी दगडावर आपटत होती. नव्या कापडाची खळ निघावी म्हणून ती जोरात आपटत होती. बायका तिचं बोलणं ऐकत होत्या आणि चोळीकडे बघत होत्या. पिळून झाल्यावर चोळी हातोहात फिरली. एकीनं जोड नखानं उचकटून पाहिला, दुसरीनं उलटी करून पाहिली. छबुबाईनं कुणालाही शिंप्याकडे जा, असं म्हटलं नाही. तिनं तसं म्हटलं असतं तर बायकांनी तिला, तुला काय मिळालं त्याच्याकडून, असं विचारलं असतं.

त्याच दुपारी त्या बायकांतली बायनाबाई जमिनीतून उकरून काढलेलं कापड झटकत ओट्यावर आली आणि तिनं आधी धोटा दाखवायला सांगितला. तिच्या मागून रतनबाई आली. मग रोज कुणी ना कुणी येऊ लागली. गहिनीनाथनं एक रीत पाडून घेतली. प्रत्येकीला तो झडप उघडून दाखवी, काय येत नाही ते सांगे, आणि मग कापड हातात घेई. यात वेळ जाई. एकही बाई कापड ठेवून घरी जात नसे. शिवून होईपर्यंत पायरीवर बसून राही. सरकारचं काही सांगता येत नाही, असं अजूनही प्रत्येकीच्या मनात थोडं होतंच. पुरुषांच्या मनात ते जास्त होतं. त्यांची कुडती आणि अंगरखे लढाई संपेपर्यंत माजलगावलाच शिवले गेले.

अखिती झाली. ठरलेल्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरनं गाडी जुंपून ओट्यासमोर आणली. घरात गाठोडी बांधलेली होती. मशीन तेवढं बांधायचं राहिलं होतं, कारण त्याच्या सुईखाली रतनबाईच्या सुनेची चोळी होती आणि पायरीवर तिघीजणी आपापलं कापड मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आवरलं का?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"आवरतंय कशाचं," रतनबाई म्हणाली. "माझं झाल्याबिगर ह्यो उठायचा न्हाई. अन् माझं झालं की हिचं हाय."

उत्तरेश्वर जुवावर हात ठेवून उभा राहिला. गहिनीनाथनं मूठ फिरवणं थांबवलं. त्यानं पायरीवरच्या बायकांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे.

"परभणीला कुनी जानार असंल तर मुकादमाला निरोप द्या," तो म्हणाला. "आमी येत न्हाई म्हनावं."

उत्तरेश्वरनं बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर नेलं. चोळीचे जोड घालून झाले होते, आता काठाची तुरपाई राहिली होती. वत्सलाबाई आत गेल्या, त्यांनी सगळ्यात वरचं गाठोडं सोडलं आणि त्यातून सुई-दोरा काढला.